शेवटचं वळण, भिंतीच्या भरवशावर

रॉस चॅस्टेन फ्लोरिडातल्या आल्वा गावचा. घरात पिढ्यानपिढ्या कलिंगडाची शेती, आणि हा आठव्या पिढीतला. शर्यत जिंकली की तो गाडीवर चढतो, कलिंगड डोक्यावर उचलून खाली आपटतो आणि फुटलेला गर तिथेच उभ्याउभ्या खातो. स्टॉक कारच्या शर्यतींत नाव व्हायला त्याला बरीच वर्षं लागली. ती वर्षं त्यानं छोट्या संघांच्या, कायम मागे राहणाऱ्या गाड्या हाकण्यात काढली. २०२२ मध्ये ट्रॅकहाउस संघाची एक नंबरची शेव्हरोले त्याच्या हाती होती आणि त्या मोसमात त्यानं ऑस्टिन आणि टॅलाडेगा इथल्या शर्यती जिंकल्या होत्या. पण ज्या शर्यतीनं त्याचं नाव जगभर गेलं, ती त्यानं जिंकली नव्हती. त्या शर्यतीत तो चौथा आला.

ही शर्यत ३० ऑक्टोबर २०२२ रोजी व्हर्जिनिया राज्यातल्या मार्टिन्सव्हिलला झाली. १९४७ मध्ये सुरू झालेला हा ट्रॅक स्टॉक कारच्या शर्यती भरवणाऱ्या नासकार या संस्थेच्या जन्माहूनही जुना. एका फेरीची लांबी जेमतेम ८४६ मीटर. दोन सरळ पट्ट्या आणि त्यांना जोडणारी दोन अरुंद टोकं, म्हणून कागदाला लावायच्या क्लिपसारखा त्याचा आकार. वळणांचा उतार फक्त १२ अंश. सरळ पट्टीवर डांबर, वळणावर काँक्रीट. इथे जिंकणाऱ्याला माणसाएवढं उंच लंबकाचं घड्याळ देतात. वेगवान ट्रॅक म्हणून मार्टिन्सव्हिलची ओळख नाहीच. दर फेरीत दोनदा करकचून ब्रेक दाबायचा, गाडी आतल्या कडेला आणायची, वळण संपेपर्यंत धीर धरायचा आणि मग पुन्हा अॅक्सिलरेटर. हे ५०० वेळा. इथे तापून लाल झालेल्या ब्रेकच्या चकत्या चाकांच्या फटींतून उघड्या डोळ्यांनी दिसतात.

त्या दिवशी पणाला लागलं होतं ते अंतिम चौघांतलं स्थान. मोसमाची शेवटची शर्यत पुढच्या रविवारी फीनिक्सला होती आणि विजेतेपदासाठी तिथे चारच ड्रायव्हर लढणार होते. शेवटच्या फेरीत ख्रिस्टोफर बेल सर्वांत पुढे होता, आणि जिंकला तरच त्याला फीनिक्स गाठता येणार होतं. उरलेल्या जागेवर चॅस्टेन आणि डेनी हॅमलिन या दोघांचा डोळा. दोघांचं वर्षभर वाकडं होतं. उन्हाळ्यात चॅस्टेननं हॅमलिनच्या गाडीला एकाहून अधिक वेळा ठोकलं होतं, आणि जुलैत पोकोनोच्या ट्रॅकवर हॅमलिननं त्याला भिंतीकडे रेटून हिशेब चुकता केला होता. आता चॅस्टेन दहावा होता, हॅमलिन त्याच्या पुढे, आणि चॅस्टेनला दोन जागा कमी पडत होत्या.

शेवटच्या फेरीचं दुसरं वळण पार करताना त्यानं रेडिओवर विचारलं, आपल्याला जागा हव्यात का? हव्यात, दोन, असं उत्तर आलं. मागच्या सरळ पट्टीवर त्यानं पाचवा गिअर टाकला. मार्टिन्सव्हिलला त्या गिअरचं काहीच काम नसतं. मग तिसरं वळण आलं. बाकीचे सगळे ब्रेक दाबून आतल्या कडेला उतरले. यानं ब्रेक दाबलाच नाही. गाडीची उजवी बाजू बाहेरच्या भिंतीला टेकवली, पाय अॅक्सिलरेटरवर पूर्ण दाबून ठेवला आणि स्टिअरिंग जवळपास सोडूनच दिलं. चौथ्या वळणाच्या भिंतीत गाड्यांच्या ये-जा करण्यासाठी एक फाटक आहे. तिथे गाडी अडकू नये, एवढीच आशा मनात होती, असं त्यानं नंतर सांगितलं.

गाडी अडकली नाही. भिंतीला घासत, पत्रा चेपत ती वळण फिरली आणि बाकीच्यांच्या उजवीकडून अशी सुटली, जणू ते उभेच होते. त्या एका वळणात त्यानं पाच गाड्या मागे टाकल्या. त्यातली शेवटची हॅमलिनची, आणि तीही अगदी अंतिम रेषेजवळ. आधी पाचवा क्रमांक जाहीर झाला. नंतर ब्रॅड केसेलोव्स्कीची गाडी वजनात कमी भरली, तो बाद ठरला आणि चॅस्टेन चौथा झाला. त्याच्या शेवटच्या फेरीची वेळ १८.८४५ सेकंद. मार्टिन्सव्हिलच्या इतिहासात स्टॉक कारनं त्याआधी इतकी वेगवान फेरी मारलीच नव्हती. नवे टायर घालून, रिकाम्या ट्रॅकवर, पात्रता फेरीतही नाही. हा विक्रम झाला तो ५०० फेऱ्यांच्या अखेरीस, झिजलेल्या टायरांवर आणि एक बाजू चेपलेल्या गाडीनं.

हे घडलं कसं, ते समजायला फार विज्ञान लागत नाही. गाडीला वळवणारं बल एरवी फक्त टायरांकडून मिळतं, आणि टायरांच्या पकडीला मर्यादा असते. ती ओलांडली की गाडी बाहेर घसरते, म्हणूनच ब्रेक मारावा लागतो. परातीत जोरानं सोडलेली गोटी मात्र काठाला लागून गोल फिरत राहते, कारण तिला वळवण्याचं काम काठ करतो. चॅस्टेननं ते काम भिंतीवर सोपवलं. घर्षणानं वेग थोडा कमी होणारच होता, पण ब्रेक मारून जो गेला असता त्यापेक्षा खूपच कमी.

शर्यतीच्या गाड्याही त्याच वर्षी बदलल्या होत्या. नवी गाडी पाच गिअरची होती आणि तिचा बाहेरचा सांगाडा संमिश्र साहित्याचा. जुन्या गाडीचा पातळ पत्रा आत वळून टायर फाडायचा, तसं या गाडीचं होत नसे. भिंतीचीही एक गोष्ट आहे. नेब्रास्का विद्यापीठात घडवलेला, पोलादी नळ्या आणि मागे फोम असलेला सुरक्षा कठडा २००२ मध्ये पहिल्यांदा इंडियानापोलिसला बसला. डेल अर्नहार्टसारखे ड्रायव्हर काँक्रीटच्या भिंतीवर आदळून गेल्यानंतर नासकारच्या ट्रॅकांवरही तो पसरला. तो बसवला ड्रायव्हरचा जीव वाचवण्यासाठी. त्याच्या गुळगुळीत पोलादावर कुणी गाडी टेकवून शर्यत काढेल, असा विचार कोण करणार?

चॅस्टेनला ही युक्ती सुचली ती लहानपणच्या खेळातून. तो आणि त्याचा भाऊ चॅड गेमक्यूब या कन्सोलवर नासकारचा व्हिडिओ गेम खेळत. पडद्यावरच्या भिंतीला गाडी टेकवली की ती पुढे निघते, हे असा गेम खेळलेल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं.

पण मार्टिन्सव्हिलचा न्याय करायचा तर त्याआधीच्या ७० वर्षांकडे पाहावं लागतं. या खेळात धाडस आणि लबाडी यांच्यातली रेघ नियमपुस्तकानं आखलेली नाही. ती दर वेळी कुणीतरी ओलांडून पाहिली आहे. अगदी पहिल्या दिवसापासून. १९ जून १९४९ रोजी शार्लटला नासकारची ‘शोरूममधून आणली तशीच गाडी’ या अटीवरची पहिली शर्यत झाली. ग्लेन डनवे पहिला आला आणि तपासणीत बाद झाला, कारण त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा मजबूत केलेल्या निघाल्या. ती गाडी चोरट्या दारूच्या वाहतुकीतली होती. विजय जिम रोपरच्या नावावर गेला.

अमेरिकेच्या डोंगराळ दक्षिणेत दारूची खेप पोलिसांना चुकवून नेणाऱ्यांतूनच पुढे मोठे ड्रायव्हर तयार झाले. ज्युनियर जॉन्सननं त्यासाठी तुरुंगवास भोगला होता. १९६० च्या डेटोना ५०० शर्यतीत त्याची शेव्हरोले समोरच्या पॉन्टिअॅकांपेक्षा स्पष्टपणे हळू होती. तरी त्यांच्या अगदी मागे चिकटून राहिलं की हवेचा अडथळा कमी होतो आणि आपली गाडी ओढली जाते, हे त्यानं हेरलं आणि शर्यत जिंकली. त्यावर कुणी हरकत घेतली नाही, कारण त्याच्या युक्तीत कुणाचं काही गेलं नाही. मी या खेळातल्या प्रत्येक डावाला हाच प्रश्न विचारतो. डाव खेळला एकानं, पण किंमत कुणी मोजली?

१९७६ च्या डेटोनात ती दोघांनी सारखी मोजली. शेवटच्या फेरीच्या चौथ्या वळणावर रिचर्ड पेटी डेव्हिड पिअर्सनच्या पुढे निघू पाहत होता. दोन्ही गाड्या एकमेकींना लागल्या, भिंतीवर आपटल्या आणि रेषेच्या थोड्या अलीकडे गवतात येऊन पडल्या. पेटीचं इंजिन बंद पडलं. पिअर्सननं गाडी गरगर फिरत असतानाही क्लच दाबून ठेवला होता. त्याचं इंजिन चालू राहिलं आणि मोडकी गाडी रखडत रखडत त्यानं रेषेपार नेली. क्लच दाबण्याची ती शुद्ध त्या क्षणी टिकवणं, हे मला आजही या खेळातलं सर्वांत मोठं कसब वाटतं.

तीन वर्षांनी, १८ फेब्रुवारी १९७९ रोजी, तिथेच डॉनी अॅलिसन आणि केल यारबरो शेवटच्या फेरीत एकमेकांना ठोकत तिसऱ्या वळणावर दोघेही संपले. बऱ्याच मागून येणारा पेटी जिंकला. आत मैदानात डॉनी, त्याचा भाऊ बॉबी आणि यारबरो यांची हाणामारी जुंपली. सीबीएस वाहिनीनं ही शर्यत सुरुवातीपासून शेवटापर्यंत थेट दाखवली होती आणि ईशान्य अमेरिका बर्फामुळे घरात अडकून पडली होती. लाखो लोकांनी स्टॉक कारची शर्यत पहिल्यांदा पाहिली ती अशी. नासकारनं तिघांना दंड केला आणि त्यांच्याच भांडणानं खेळ देशभर पोचला.

धक्क्याला कलेचा दर्जा दिला तो डेल अर्नहार्टनं, आणि त्याबद्दल माझ्या मनात कायम दोन मतं राहिली आहेत. १९८७ मध्ये शार्लटला दहा फेऱ्यांच्या निर्णायक टप्प्यात बिल इलियटचा धक्का बसून तो थेट गवतात गेला. ताशी शेकडो किलोमीटर वेगानं गाडी गवतात गेली की फिरकी ठरलेली. अर्नहार्टची गाडी फिरली नाही. ती पहिल्या क्रमांकावर गवतात गेली आणि पहिल्या क्रमांकावरच बाहेर आली. लोक त्याला गवतातलं ओव्हरटेकिंग म्हणतात, पण तिथे कुणी कुणाला ओलांडलंच नव्हतं. गाडी सांभाळण्याचं ते निव्वळ कौशल्य होतं.

ब्रिस्टलची गोष्ट वेगळी. ऑगस्ट १९९५ मध्ये शेवटच्या वळणावर अर्नहार्टनं टेरी लाबॉन्टीला मागून ठोकलं. लाबॉन्टीची गाडी आडवी होऊन, भिंतीवर आदळत रेषेपार गेली आणि जिंकली. चार वर्षांनी, २८ ऑगस्ट १९९९ च्या रात्री, तेच दोघे, तोच ट्रॅक. लाबॉन्टीनं अखेरीस नवे टायर घातले होते. मागून एकेकाला गाठत येऊन त्यानं शेवटच्या फेरीच्या तोंडाशी अर्नहार्टला मागे टाकलं. पुढच्याच वळणावर अर्नहार्टचा बंपर त्याला लागला, लाबॉन्टी फिरला, मागच्या गाड्या त्याच्यात घुसल्या आणि अर्नहार्ट जिंकला. त्याला फिरवायचं नव्हतं, जरा हलवायचं होतं, असं तो म्हणाला. ब्रिस्टल ही त्याच्याच माणसांची जागा, पण त्या रात्री तिथून हुर्यो ऐकू आली. नासकारनं निकाल तसाच ठेवला. अर्नहार्टच्या हातातलं कौशल्य मी मानतो. पण लाबॉन्टीनं जी शर्यत टायरांवर कमावली होती ती बंपरनं हिसकावली गेली, आणि किंमत पूर्णपणे लाबॉन्टीनं मोजली.

मग नियम आले, आणि नियमांनीही किंमत वसूल केली. टॅलाडेगा आणि डेटोना या महाकाय ट्रॅकांवर आतल्या कडेला दुहेरी पिवळी रेघ असते. तिच्या खाली उतरून कुणाला मागे टाकायचं नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये टॅलाडेगाला रेगन स्मिथ हा नवखा ड्रायव्हर टोनी स्टुअर्टच्या पुढे रेषेपार गेला. पण स्टुअर्टनं वाट अडवल्यामुळे तो रेघेखाली उतरला होता. त्याला अठराव्या क्रमांकावर ढकललं आणि विजय स्टुअर्टला गेला. तो निकाल सगळ्यांनी नीट ध्यानात ठेवला.

२६ एप्रिल २००९. पुन्हा टॅलाडेगा, पुन्हा शेवटची सरळ पट्टी. कार्ल एडवर्ड्स पुढे, मागे जेम्स फिंचच्या छोट्या संघाची गाडी घेऊन ब्रॅड केसेलोव्स्की. केसेलोव्स्की आतल्या बाजूनं शिरला, एडवर्ड्स त्याला अडवायला खाली आला. सहा महिन्यांपूर्वी स्मिथ ज्या जागी रेघेखाली उतरला होता, तिथे केसेलोव्स्कीनं रेघ सोडली नाही. उतरला असता तर विजय हातचा जाणार होता. दोन्ही गाड्या लागल्या. एडवर्ड्सची गाडी उलटी फिरून हवेत उडाली, रायन न्यूमनच्या गाडीवर आपटली आणि प्रेक्षकांपुढच्या जाळीत जाऊन फुटली. जाळीनं गाडी अडवली, पण उडालेले तुकडे अडवले नाहीत. प्रेक्षकांत काही जण जखमी झाले. एडवर्ड्स गाडीतून उतरला आणि रेषेपर्यंतचं उरलेलं अंतर पळत जाऊन त्यानं शर्यत पुरी केली. टाळ्या पडल्या. मला मात्र त्या धावेपेक्षा जाळीपलीकडे बसलेली माणसं जास्त आठवतात. तिकीट काढून आलेल्यांनी ड्रायव्हरांच्या डावाची किंमत का मोजावी?

याच एडवर्ड्सनं सात महिने आधी, सप्टेंबर २००८ मध्ये, कॅन्ससला भिंतीचा डाव टाकून पाहिला होता. शेवटच्या फेरीत तिसऱ्या वळणावर तो जिमी जॉन्सनच्या आतून सुसाट शिरला, पुढे निघाला आणि भिंतीवर गेला. व्हिडिओ गेममध्ये भिंतीला लागून पूर्ण वेगानं जाता येतं, तेच करायचं होतं, असं त्यानं सांगितलं. पण तिथे गाडीचा वेग मेला, जॉन्सन खालून निघून गेला आणि जिंकला. २०२१ मध्ये डार्लिंग्टनला काइल लार्सननं शेवटच्या वळणांवर भिंतीला घासत हॅमलिनला गाठायचा प्रयत्न केला. त्यालाही जमलं नाही. म्हणजे चॅस्टेनच्या आधी कल्पना होती आणि धाडसही होतं. पण कॅन्सस आणि डार्लिंग्टन हे मोठे, वेगवान ट्रॅक. तिथे ब्रेक मारणाऱ्याच्या आणि भिंतीला घासणाऱ्याच्या वेगात फारसा फरक नाही. मार्टिन्सव्हिलला बाकीचे जवळजवळ रांगत असतात. हा डाव खरा होण्याजोगी जागा हीच होती.

त्या दिवशी प्रेक्षक अक्षरशः बेभान झाले. काही तासांत ती चित्रफीत जगभर फिरली आणि फॉर्म्युला वनच्या फर्नांडो अलोन्सोनंही ती त्या वर्षातली मोटर शर्यतींतली सर्वोत्तम गोष्ट ठरवली. हॅमलिननं, ज्याचं सगळं गेलं होतं त्यानं, डाव उत्तम खेळला गेला हे कबूल केलं. नाराजी होती ती बाकीच्या ड्रायव्हरांत. स्वतः वर्षभर आधी तेच करून पाहिलेल्या लार्सनला हे खेळाला शोभणारं वाटलं नाही. जोई लोगानोनं धाडसाचं कौतुक करतानाच पुढच्या वेळी सगळेच भिंतीला लागले तर काय, असा मुद्दा मांडला. तो मुद्दा खरा होता. चॅस्टेनची गाडी त्या फाटकात अडकली असती तर ती उलटून जाळीवर जाऊ शकली असती, आणि जाळीपलीकडे कोण असतं ते टॅलाडेगानं दाखवून ठेवलं होतं.

तरीही त्या दिवसाच्या हिशेबात एक गोष्ट राहतेच. चॅस्टेननं कुणाला स्पर्श केला नाही. कुणाला फिरवलं नाही, अडवलं नाही. पाचही गाड्या त्याच्या डावीकडून धडधाकट रेषेपार गेल्या. चेपली ती फक्त त्याची गाडी, आणि जीव पणाला लावला तो स्वतःचा. वर्षभर दुसऱ्यांच्या बंपरला ठोकल्याबद्दल शिव्या खाणाऱ्या माणसानं सर्वांत मोठा डाव कुणालाही न ठोकता खेळला. आठवड्यानंतर फीनिक्सला लोगानो जिंकला आणि विजेता झाला. चॅस्टेन मोसमात दुसरा.

३१ जानेवारी २०२३ रोजी नासकारनं आपला निर्णय सांगितला. नवा नियम केला नाही. ड्रायव्हर, कर्मचारी किंवा प्रेक्षकांची सुरक्षा धोक्यात आणणाऱ्या कृतीवर दंड करणारा नियम आधीच पुस्तकात होता. यापुढे भिंतीवरची फेरी त्यात धरली जाईल आणि वेळेचा दंड बसेल, एवढंच सांगितलं. चॅस्टेनचा निकाल कायम राहिला. मला हा निर्णय त्याच्या दोन्ही अंगांनी योग्य वाटतो. पहिल्यानं केलं ते त्या दिवशी नियमात बसत होतं. दुसऱ्यानं केलं असतं तर ती नक्कल ठरली असती, आणि प्रेक्षक त्या नकलेच्या वाटेत बसलेले असते.

तो दुसरा दोन वर्षांनी आला. ३ नोव्हेंबर २०२४, मार्टिन्सव्हिल, पुन्हा अंतिम चौघांसाठीची शेवटची शर्यत. रायन ब्लेनी जिंकला, आणि उरलेल्या जागेसाठी विल्यम बायरन आणि ख्रिस्टोफर बेल. हाच बेल २०२२ ची शर्यत जिंकला होता, आणि चॅस्टेनच्या गोंगाटात त्याचा तो विजय विसरला गेला होता. शेवटच्या फेरीत बेलची गाडी तिसऱ्या वळणावर वर घसरली, भिंतीला लागली आणि भिंतीला धरूनच रेषेपार गेली. गुण बरोबरीत सुटले आणि बरोबरीच्या नियमानं बेल पुढे जात होता. बराच वेळ अधिकाऱ्यांची चर्चा चालली. मग सुरक्षेच्या त्याच नियमाखाली बेलला दंड झाला आणि बायरन फीनिक्सला गेला. आपण मुद्दाम काही केलं नाही, गाडी घसरली, असं बेलचं म्हणणं होतं. ते खरं असू शकतं. पण भिंतीला धरून वळण पुरं झालं होतं आणि अधिकाऱ्यांनी तेवढंच पाहिलं.

त्याच रात्रीची दुसरी भानगड जास्त गंभीर होती. बायरनचा क्रमांक घसरू नये म्हणून त्याच्या मागे दोन शेव्हरोले एकमेकींच्या शेजारी भिंत घालून चालत राहिल्या. त्याच्या पुढे जाण्याचा प्रयत्न त्यांनी केलाच नाही. बेलच्या पुढे असलेली टोयोटा ऐनवेळी मंदावली आणि त्याला एक जागा मिळाली. रेडिओवरची बोलणी तपासून नासकारनं तिन्ही संघांवर कारवाई केली. गुण कापले, संघप्रमुखांना आणि उंचावरून ट्रॅक पाहत ड्रायव्हरला रेडिओवर सूचना देणाऱ्या स्पॉटरांना निलंबित केलं आणि तिन्ही ड्रायव्हरांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड ठोठावला. टोयोटा बब्बा वॉलेसची, म्हणजे हॅमलिनच्या भागीदारीतल्या संघाची. शेव्हरोलेंपैकी एक ऑस्टिन डिलनची आणि दुसरी रॉस चॅस्टेनची.

भिंतीच्या डावाबद्दल चॅस्टेनला एक डॉलरही दंड झाला नव्हता आणि व्हायला नकोच होता. हा लाखाचा दंड मात्र मला पूर्ण रास्त वाटतो. मार्टिन्सव्हिलच्या त्याच तिसऱ्या आणि चौथ्या वळणावर या वेळी त्यानं कुणाला मागे टाकायचं नाही, असं ठरवून गाडी चालवली होती.